परतीचा निरोप

पिंपरी पेंढारला आमच्या घराच्या पडवीत, उंबऱ्याच्या डाव्या हाताला, भिंतीतच एक देवळी आहे, घर बांधले त्या वेळी गवंड्याने ती सवयीने सोडली आणि मग काहीसे ओशाळून विचारले, "गुरुजी, तुमच्यात देवळी लागते का?" लागते, असे मी सांगितले, आणि तेव्हापासून तीत एक शिसवी क्रूस, हरेगावच्या यात्रेतून आणलेली मतमाउलीची वीतभर मूर्ती आणि मेणबत्तीच्या ओघळांनी थर चढलेली एक पितळी बशी असा आमचा सारा देवाचा संसार सुखाने नांदत आला आहे. गेल्या नाताळच्या सुटीत माझी नात पुण्याहून आली आणि तिने त्या देवळीत, मतमाउलीच्या अगदी पायाशी, आपला मोबाईल उभा केला, तो घसरू नये म्हणून माझ्या चष्म्याचे घर त्याला टेकू दिले, दोन पावले मागे सरून डोळे बारीक करून पाहिले, आणि म्हणाली, "हं, आबा, गा आता."

प्रकरण असे होते की, ती ज्या धर्मग्रामात, म्हणजे पॅरिशमध्ये, राहते तेथील युवक-युवतींनी आपापल्या घरच्या वडीलधाऱ्यांकडून जुनी भक्तिगीते म्हणवून घ्यायची, ती मोबाईलवर चित्रित करायची आणि आगमनकाळापासून चालू असलेल्या एका मालिकेत रोज एक याप्रमाणे इंटरनेटवर प्रसृत करायची, अशी तजवीज ठरली होती. तजवीज मला नापसंत नव्हती. परंतु तिच्यात एक कलम असे होते की, कोणतेही गीत एका मिनिटापेक्षा लांबता कामा नये. माझ्या वडिलांनी रचलेल्या ज्या भजनाची मागणी होती त्याची कडवी पाच, प्रत्येक कडव्यानंतर धृपद दोनदा, आणि आरंभी टाळकऱ्यांना लय सापडेपर्यंत नुसताच आकार. तेव्हा एका मिनिटात माझा घसा खाकरून होतो, भजन कोठून व्हायचे, अशी हरकत मी नोंदवली. तीवर नातीने जे उत्तर दिले त्याने मी क्षणभर गप्पच झालो. ती म्हणाली, "आबा, एक मिनिट मी मागितलेले नाही. तेवढेच लोक ऐकतात."

लोक किती ऐकतात आणि का ऐकतात, हा प्रश्न माझ्यासारख्या माणसाला नवा नसावा. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस-बत्तीस वर्षे मुलांपुढे उभा राहिलो आहे, आणि पाठीमागच्या बाकावरचा मुलगा कोणत्या वाक्याला खिडकीबाहेर पाहू लागतो, हे मला खडूच्या वासावरून कळत असे. जन्माने मी राहुरी तालुक्यातला, मिशनच्या एका वस्तीतला कॅथलिक. नोकरीच्या निमित्ताने आणे घाट उतरून जुन्नर तालुक्यात आलो, बदलीचे दोन हुकूम चुकवले, तिसरा आलाच नाही, आणि ओतूर व आळेफाटा यांच्या दरम्यान महामार्गाच्या कडेला वसलेल्या या गावात कायमचा रुजलो. धर्मसभेच्या दप्तरी माझी स्थिती जरा चमत्कारिक आहे. १८८६ साली स्थापन झालेल्या पुणे धर्मप्रांतातून १९८७ साली नाशिक धर्मप्रांत वेगळा काढण्यात आला, आणि माझे जन्मगाव तिकडे गेले, मी इकडे राहिलो. म्हणजे घाट मी उतरलोच होतो, पण सरहद्द नंतर माझ्या पाठोपाठ आली. आमच्या आळीत कॅथलिक घर एवढे एकच. रविवारच्या मिस्साला जायचे म्हणजे पहाटेची एसटी गाठायची, आळेफाट्याला ती बदलायची आणि परतताना उन्हात ताटकळायचे. तरुणपणी हा प्रवास श्रद्धेने होतो, उतारवयात तो गुडघ्यांच्या संमतीने होतो.

अशा एकट्यादुकट्या घरांसाठी धर्मसभेचा निरोप घेऊन कोणीतरी यावे लागते, ही गोष्ट माझ्या जन्माच्या कितीतरी आधी एका जर्मन माणसाच्या ध्यानात आली होती. फादर हेन्री डोरिंग हे येशूसंघीय धर्मगुरू राहुरी तालुक्यातील केंदळ येथे काम करीत होते, आणि १९०३ साली त्यांनी मराठीत एक मासिक काढले. त्याचे नाव त्यांनी 'ज्ञान', 'उदय', 'प्रकाश' असल्या भारदस्त शब्दांनी न मढवता साधे 'निरोप्या' असे ठेवले. चारच वर्षांनी डोरिंग पुण्याचे महागुरू, म्हणजे बिशप, झाले, पुढे काही वर्षे जपानात हिरोशिमाला गेले आणि पुन्हा पुण्याला परतले. परंतु त्यांच्या साऱ्या पदव्यांपेक्षा हा एक शब्द मला अधिक मोलाचा वाटतो. निरोप्या हा गावगाड्यातला माणूस. तो स्वतः मोठा नसतो, त्याच्याजवळचा निरोप मोठा असतो. आणि ज्याने खेड्यात दिवस काढले आहेत त्याला हेही ठाऊक असते की, निरोप पोहोचवला म्हणजे निरोप्याचे काम संपले असे होत नाही. तो पडवीत टेकतो, तांब्याभर पाणी पितो, आणि विचारतो, "मग काय सांगू तिकडे?"

आमच्या वस्तीवर 'निरोप्या' टपालाने येई तो माझ्या वडिलांच्या नावे, कारण ते मिशनचे मास्तर होते: आठवडाभर शाळा, आणि ज्या रविवारी फादर येऊ शकत नसत त्या रविवारी प्रार्थना चालवणे, असा त्यांचा दुहेरी कारभार होता. अंक आला की त्या रात्री जेवणे लवकर उरकत. चिंचेखाली कंदील टांगला जाई, बायका एका अंगाला आणि पुरुष दुसऱ्या अंगाला बसत, आणि वडील मुखपृष्ठावरील तारखेपासून अखेरच्या पानावरील छापखान्याच्या नावापर्यंत सारा मजकूर ठणठणीत आवाजात वाचून दाखवत. वाचन सुरळीत असे कधीच पार पडत नसे. मध्येच एखादा म्हातारा हात वर करून म्हणे, "मास्तर, थांबा, हे पटलं नाही". कोणी म्हणे, "आमच्याकडल्या दुष्काळाचं काहीच लिहिलं नाही, ते कळवा त्यांना". आणि वडील समासात पेन्सिलीने खुणा करीत. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ते पोस्टकार्डावर बारीक अक्षरात या साऱ्या तक्रारी, दुरुस्त्या आणि फर्माईशी उतरवून काढीत. त्यांतला किती मजकूर छापला गेला हे मला स्मरत नाही. पण पोस्टकार्ड गेले आहे एवढ्यावर वस्तीचे समाधान असे, आणि पुढच्या अंकाची वाट दुप्पट उत्कंठेने पाहिली जाई. लिहिता न येणाऱ्या त्या माणसांना आपण या मासिकाचे वाचक आहोत असे वाटत नसावे. आपण त्याचे कोणीतरी लागतो, असे त्यांना वाटत असावे.

मराठीत ख्रिस्ताची कथा प्रथम मोठ्या प्रमाणावर सांगितली ती फादर थॉमस स्टीफन्स यांनी, आणि तेथेही आरंभ ऐकणाऱ्यांकडूनच झाला होता, याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. हा इंग्रज येशूसंघीय १५७९ साली गोव्यात उतरला आणि सालसेतच्या खेड्यांतून आयुष्य काढून तेथेच १६१९ साली वारला. नवख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी पुराणे सुटली होती. सायंकाळी एकत्र बसून ऐकावे असे त्यांच्याजवळ काही उरले नव्हते. आणि धर्मशिक्षणाच्या बैठकीत त्यांच्यापैकीच एकाने आम्हालाही पुराण हवे असे सुचवले, असे त्याच ग्रंथाच्या आरंभी आले आहे. स्टीफन्स यांनी ती मागणी मंजूर केली आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ साली राशोल येथे छापले गेले. देवनागरीचे खिळे पाडणे तेव्हा साधले नव्हते, म्हणून मराठी ओवी रोमन अक्षरांच्या परक्या अंगरख्यात उभी राहिली. तरी कोणाचे अडले नाही, कारण ती डोळ्यांसाठी नव्हतीच. देवळात एकाने वाचायची आणि साऱ्यांनी कानांनी प्यायची होती. पुढे पोर्तुगीज राजवटीने देशी भाषांवर वक्रदृष्टी केली, १६८४ साली तसा हुकूमही काढला. त्या काळातील तिन्ही छापील आवृत्त्यांची आज एकही प्रत हाती नाही. तरीही पुराण जगले ते मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी जपलेल्या हस्तलिखितांवर, आणि १९०७ साली जोसेफ साल्ढाणा यांनी ते तेथे पुन्हा छापले. कारिदाद द्रागो यांची देवनागरी आवृत्ती १९९६ साली निघाली. माध्यम बुडाले, छापखाना बुडाला, आणि ज्यांनी मागून घेतले होते त्यांनीच ते तारून नेले.

हे सारे मी नातीला सांगू लागलो तेव्हा तिने मोबाईल बंद केला आणि निमूटपणे ऐकले, मात्र मध्येच म्हणाली, "म्हणजे स्टीफन्सनी रीलच केलं की." मला हा शब्द स्टीफन्स यांच्या संदर्भात रुचला नाही. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर वाटले की, ओवी हे त्या काळातले अगदी चलनी नाणे होते. जात्यावर, पाळण्यापाशी, देवळात, जेथे जावे तेथे ओवीच. आणि शिष्टमान्य लॅटिन बाजूस ठेवून बायकांच्या ओठांवरचा छंद उचलणारा हा माणूस आपल्या वरिष्ठांना काही अंशी तरी रीलकारच वाटला असेल.

लॅटिनवरून आठवले. मी चौदा-पंधरा वर्षांचा होईपर्यंत मिस्सा लॅटिनमध्ये होत असे, आणि आम्ही वेदीसेवक मुले अर्थ न कळता तिची उत्तरे अशा झपाट्याने देत असू की, फादरांनाच धाप लागे. ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचा दस्तऐवज जाहीर केला आणि लोकभाषेला वेदीपर्यंत येण्याची वाट मोकळी झाली, पुढे काही वर्षांनी आमच्या वस्तीत पहिली मराठी मिस्सा झाली, त्या दिवशी आई घरी येऊन चुलीपुढे बसली आणि म्हणाली, "देवाला आता मराठी कळायला लागलं बघ." त्याच दिवशी, त्याच सभेत, आणखी एक दस्तऐवज मंजूर झाला होता, तो वृत्तपत्रे, चित्रपट, आकाशवाणी, दूरचित्रवाणी या साधनांविषयी होता. एका बैठकीत धर्मसभेने लोकांची भाषा आणि लोकांची साधने दोन्ही पदरात घेतली. साधनांच्या बाबतीत ती काही मागासलेली कधीच नव्हती. १९३१ साली खुद्द मार्कोनीकडून तिने व्हॅटिकनचे नभोवाणी केंद्र उभारून घेतले होते, १९६७ पासून ती दरवर्षी सामाजिक संपर्कमाध्यमांचा दिवस पाळत आली आहे, आणि २०१२ च्या डिसेंबरात सोळावे बेनेडिक्ट पोप वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी ट्विटरवरही आले. तेव्हा तरुण मुले देवळापासून दूर जातात ती धर्मसभेजवळ यंत्र नाही म्हणून, असे जे कोणी समजत असतील त्यांनी आपला समज तपासून पाहावा.

यंत्रांच्या बाबतीत आमचा मुलूखही मागे नाही. नारायणगावजवळ आर्वी येथे १९७१ साली उपग्रहामार्फत परदेशांशी संपर्क साधणारे देशातले पहिले भूकेंद्र सुरू झाले, तरुण शिक्षक म्हणून मी मुलांची सहल घेऊन तेथे गेलो होतो, आणि आकाशाकडे तोंड करून बसलेली ती अजस्र तबकडी पाहून एका मुलाने विचारले होते, "गुरुजी, हिच्यातून कोण बोलतं?" पुढे त्याच परिसरात खोडदला महाकाय रेडिओ दुर्बीण झाली, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, त्यांतल्या १४ जवळजवळ आणि उरलेल्या १६ तीन दिशांना दूरवर पसरलेल्या, अशी तिची रचना आहे. निवृत्तीच्या वर्षी मी दुसरी एक सहल तेथे नेली. तेथल्या तरुण शास्त्रज्ञाने मुलांना सांगितले की, ही यंत्रे बोलत नाहीत, फक्त ऐकतात. आणि ऐकू यायचे ते इतके क्षीण असते की, आजूबाजूला गोंगाट करणारी यंत्रे असू नयेत म्हणून कसोशीने जपावे लागते. एकाच तालुक्यात दोन तऱ्हांच्या तबकड्या, एक तऱ्हा बोलण्याची आणि एक ऐकण्याची. मी परत येताना एसटीच्या खिडकीशी बसून यावर बराच विचार केला, तो शाळेविषयी होता. देवळाविषयी तो पुढे झाला.

तो व्हायला करोनाची साथ निमित्त झाली. २०२० च्या मार्चमध्ये सारी प्रार्थनामंदिरे बंद झाली आणि घरोघर मोबाईलवर मिस्सा येऊ लागली. एसटी नाही, आळेफाट्याचे ताटकळणे नाही. वेदी आपण होऊन आमच्या पडवीत चालत आली, याचे प्रथम मला अपार अप्रूप वाटले. आमच्या हिने आदल्या रात्री देवळी पुसली, चौरंगावर धुतलेले वस्त्र घातले, त्यावर ज्वारीच्या डब्याला टेकवून मुलाचा मोबाईल ठेवला, शेजारी मेणबत्ती लावली. आणि पडद्यावरील धर्मगुरू उभे राहिले की आम्ही उभे राहायचे, ते बसले की बसायचे, असा नेम सुरू झाला. तिसऱ्या की चौथ्या रविवारी, भाकर वर उचलण्याच्या नेमक्या क्षणी, आम्ही गुडघ्यांवर असताना, धर्मगुरू नाहीसे झाले आणि त्यांच्या जागी नारायणगावच्या टोमॅटोच्या आडत्याचे नाव झळकू लागले. मुलाने झडप घालून मोबाईल उचलला, "किती क्रेट आहेत?" हा प्रश्न साऱ्या पडवीला ऐकू गेला, मुलगा हळू आवाजात "नंतर करतो" म्हणाला, पण तोवर पलीकडच्या माणसाने भावही सांगून टाकला होता. मिस्सा परत आली तेव्हा समारोपाचा आशीर्वाद चालू होता. हिला रडूच कोसळले. मला, कबूल करतो, हसू आवरेना. आणि हसता हसता असेही वाटले की, निदान आडत्याने आम्हाला काहीतरी विचारले तरी! त्या चार रविवारांत मोबाईलवरून आम्हाला विचारलेला तो एकुलता एक प्रश्न होता.

साथ गेली, देवळे उघडली, आणि माध्यमांचा हा संसार मात्र तसाच पसरत राहिला. आता बहुतेक धर्मग्रामांचा व्हॉट्सॲप गट असतो. नातीने मला तिच्या आधीच्या एका धर्मग्रामाचा गट दाखवला होता, त्याचे नाव घेण्याचे कारण नाही; शेकडो क्रमांक त्यात सामील होते, रोज सकाळी फुलांच्या चित्रावर एक सुवचन येई, संध्याकाळी सूचना येत, सणासुदीला चित्रफिती येत; आणि खाली, जेथे आपण लिहायचे तेथे, लिहिण्याची सोयच नव्हती. फक्त गटप्रमुखांनाच संदेश पाठवता येतील, अशी ओळ तेथे होती. "आबा, मी यात तीन वर्षं होते," ती म्हणाली, "आणि मी गट सोडला तेव्हा तेही कुणाला कळलं नाही." मला वडिलांची पोस्टकार्डे आठवली. गटप्रमुखांची अडचण मला समजते; लिहिण्याची मुभा दिली की कोणी निवडणुकीचा प्रचार टाकतो, कोणी उसाच्या रसाने कर्करोग बरा करतो. पण निरोप्याला पाणी मिळू नये म्हणून घराचे दार लावून घ्यावे आणि त्याने निरोप फटीतून आत टाकावा, अशातली ही व्यवस्था झाली.

वसईची गोष्ट वेगळी आहे, असे कोणी म्हणेल, आणि ते खरे आहे. तेथे घंटेच्या टप्प्यात सारा गाव असतो. १९९८ साली स्वतंत्र धर्मप्रांत व्हावा एवढी वस्ती दाट. 'सुवार्ता' मासिक आणि त्याचे दीर्घकाळ संपादक राहिलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी पाणी, झाडे, जमीन हे विषय देवळाच्या पायरीवर आणले, हरित वसईसाठी तरुणांना रस्त्यावर उतरवले, आणि तेच दिब्रिटो २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून साऱ्या महाराष्ट्रापुढे बसले. त्यांचे स्मरण मी मुद्दाम करतो, कारण आधुनिक माध्यम म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे यंत्र येते, आणि त्यांनी ज्या माध्यमाने एक पिढी धर्मसभेच्या अंगणात आणली ते होते कागदी मासिक. 'सुवार्ते'त तरुणांना स्वतःच्या विहिरीचे पाणी दिसले. विखुरलेल्या आम्हा घाटावरच्या घरांना घंटा नाही; आमच्या मुलांना खिशातला मोबाईल हीच घंटा; म्हणून तिच्यात नुसता नाद नको, हाक हवी, आणि 'ओ' ऐकायला पलीकडे कोणी थांबलेले हवे.

नातीच्या सध्याच्या धर्मग्रामात असे कोणी थांबलेले आहे, आणि म्हणूनच माझ्या पडवीत हा सारा खटाटोप चालला होता. तेथल्या युवक गटाने गेल्या पावसाळ्यात एक युक्ती केली: नाव न लिहिता प्रश्न पाठवता येतील अशी सोय मोबाईलवर ठेवली. त्यांची अपेक्षा होती, स्वर्ग, नरक, देवदूत यांविषयी विचारणा होईल. प्रश्न आले ते असे: नोकरीच्या मुलाखतीत आडनावावरून धर्म विचारतात तेव्हा काय सांगायचे, हिंदू मुलाशी लग्न केले तर मला मिस्सात प्रभुभोजन घेता येईल का, रात्री झोप लागत नाही आणि जगावेसे वाटत नाही, हे कुंपसारात, म्हणजे पापनिवेदनात, सांगायचे की डॉक्टरला, आणि आमच्या आजोबांचे सोयरे बौद्ध झाले त्यांना सवलती, आम्हाला नाहीत, असे का. हा शेवटचा प्रश्न नगर जिल्ह्यातून शहरात आलेल्या कोणत्या तरी पोराचा, हे मी न सांगताही ओळखले. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला, पुढे १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना तो मिळाला. ख्रिस्ती दलित आजही बाहेरच आहेत, आणि दाखल्यासाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवणाऱ्या मुलाला फुलांच्या चित्रावरचे सुवचन काय सांगणार?

तेथील धर्मगुरूंनी या प्रश्नांना मोबाईलवर उत्तरे दिली नाहीत, हे मला त्यांचे सर्वांत मोठे शहाणपण वाटले. त्यांनी एवढेच कळवले की, रविवारच्या मिस्सानंतर मी मागच्या पायऱ्यांवर बसेन, चहा असेल, ज्याला यायचे त्याने यावे. झोप न येणाऱ्या मुलासाठी मात्र त्याच रात्री एका जाणत्या डॉक्टरचा पत्ता दिला आणि स्वतःचा दूरध्वनी उघडा ठेवला. पहिल्या रविवारी सात जण आले. नात त्यांतली एक. सवलतींच्या प्रश्नावर धर्मगुरूंना सारे ठाऊक नव्हते, तेव्हा त्यांनी तसे सांगितले, आणि पुढच्या रविवारी एका वकिलाला आणून पायरीवर बसवले. या गोष्टीचे चित्रीकरण कोणी केले नाही. माझ्या नातीला विचारले, "मग मोबाईलने काय केले?" तर म्हणाली, "पायरीपर्यंत आणलं."

तिच्या संगणकावर एका मुलाचे चित्र चिकटवलेले आहे. लाल सदरा, पाठीवर पिशवी, चेहऱ्यावर शाळा बुडवून आल्याचे हसू. तो कार्लो अकुतिस. १९९१ साली लंडनमध्ये जन्मला, इटलीत मिलानला वाढला, आणि २००६ साली रक्ताच्या कर्करोगाने पंधराव्या वर्षी गेला. ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी त्याला संत घोषित केले. असिसीला काचेआड तो जीन पँट आणि पळण्याचे बूट घालून निजला आहे. तरुणांना हा संत का आवडतो ते कळण्यासारखे आहे, आणि त्याचे बूट दाखवून त्यांना देवळात ओढता येईल असे मानणाऱ्या वडीलधाऱ्यांचा उत्साहही कळण्यासारखा आहे. मला स्वतःला त्याच्यातला कारकून भावतो. या मुलाने जगभरातील ख्रिस्तशरीरविषयक चमत्कारांच्या नोंदी गोळा केल्या, ठिकाण, साल, हकिकत यांबरहुकूम त्यांची यादी लावली आणि ती संकेतस्थळावर मांडली. संगणकाला त्याने दवंडीचे ढोलके न करता दप्तर केले; आणि दप्तर नीट ठेवणाऱ्या माणसाविषयी, जन्मभर हजेरीपट चालवल्यामुळे असेल, माझ्या मनात उपजतच आदर आहे.

गावकऱ्यांना या सगळ्याची काही नवलाई वाटत नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. शेजारच्या आळे गावात ज्ञानेश्वरांच्या रेड्याची समाधी आहे. वेद बोलायला रेडा चालला त्यांना मोबाईल का चालू नये? ओतूरला तुकोबांच्या गुरूंची, बाबाजी चैतन्यांची समाधी आहे. त्यांनी शिष्याला उपदेश केला तो स्वप्नात, म्हणजे त्या काळी तरंगांचीही गरज पडली नव्हती. पुण्याचे महागुरू राहिलेले थॉमस डाबरे यांनी तुकोबांच्याच ईश्वरानुभवावर डॉक्टरेट मिळवली, हे मी एकदा ओतूरच्या एका वारकरी मित्राला सांगितले, तर तो शांतपणे म्हणाला, "मग बोलवा की त्यांना सप्त्याला." आणि नारायणगावात चैत्राच्या यात्रांपूर्वी तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, तेथे सुपारी द्यायला गावोगावचे पंच स्वतः येतात, मांडीला मांडी लावून बसतात, काय हवे, काय नको ते तोंडावर सांगतात आणि मगच बयाणा देतात. कोणता वग लावायचा हे फडमालक एकटा ठरवत नाही.

असो. भजन शेवटी झाले. एका मिनिटाची अट नातीनेच मोडली. म्हणाली, पाचही कडवी म्हणा, मी पहिले आणि तिसरे घेईन. मी देवळीकडे तोंड करून बसलो, सुनेने टाळ धरले, मुलाने पाटावर ठेका दिला, आणि वडिलांचे भजन पन्नासएक वर्षांनी मी सलग म्हटले. तिसऱ्या कडव्यावर आवाज किंचित फाटला, तो तिने तसाच राहू दिला. ते प्रसृत झाल्यावर किती जणांनी पाहिले हे तिने सांगितले होते. आकडा मी विसरलो.

चौथ्या दिवशी रात्री जेवणानंतर ती मोबाईल घेऊन माझ्याजवळ आली. राहुरीकडच्याच, वसतिगृहात राहणाऱ्या कोण्या मुलाने आपल्या आवाजात निरोप ठेवला होता: माझी पणजी हेच भजन म्हणते, तिसऱ्या कडव्यात तुम्ही 'सांगावा' म्हणता, ती 'सांगाती' म्हणते, आमच्यात पैज लागली आहे, खरे काय ते आजोबांना विचारून कळवा.

मी तो आवाज दोनदा ऐकला. 'सांगावा' हे मी लहानपणापासून म्हणत आलो होतो. पण वडिलांच्या तोंडून ऐकलेला शब्द नेमका कोणता, हे आठवू लागलो तेव्हा कधी हा ऐकू येई, कधी तो. त्यांची भजनांची वही माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत, 'निरोप्या'च्या जुन्या अंकांखाली असावी. मुलाने पेटी खाली काढून दिली. झाकण उघडले आणि वीज गेली. आमच्याकडे ती अशाच वेळी जाते. नातीने मोबाईलचा दिवा लावला आणि माझ्या खांद्यावरून तो वहीवर धरला, "सावकाश, आबा," ती म्हणाली, "मी धरलाय." पाने एकमेकांना चिकटली होती, शाई विटकरी झाली होती. मी एकेक पान सोडवीत तिसरे भजन, चौथे भजन असे पुढे चाललो, आणि पलीकडे राहुरीला तो मुलगा जागा होता. मोबाईल मधूनमधून थरथरत होता.